पत्र्याखालचा रस्ता

यंदा पऱ्हे चांगले आले आहेत. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी तयार केलेली धानाची रोपं. कोपऱ्यातल्या एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, दाट पेरायची आणि वीतभर झाली की उपटून, चिखल केलेल्या बाकीच्या बांध्यांमध्ये लावायची. हे मी बाहेरच्या वाचकांसाठी सांगते आहे. सिंदेवाहीच्या आसपास कोणाला सांगायला गेले तर लोक हसतील. सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहिलं की त्या हिरव्या रंगावर नजर ठरत नाही. तो हिरवा वर्षातून पंधराच दिवस दिसतो. मग तो बांध्याबांध्यांत वाटला जातो आणि साधा होतो.

या दिवसांत मला साडेपाचला जाग येते. गजर लावावा लागत नाही. कितीतरी वर्षं रोवणीच्या हंगामात मी याच वेळी जीप सुरू करत असे. ती एका दमात सुरू होत नसे. आधी खोकायची, मग थरथरायची, मग शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या आणि मग कुठे तिचा आवाज एकसारखा लागायचा. आता त्या वेळी अंगणात शांतता असते. मला त्या शांततेचा त्रास होत नाही. म्हशींनाही होत नसावा. पण जाग येते, हे खरं आहे.

जीप आम्ही नवी घेतली होती. तेव्हा नवऱ्याला ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली होती आणि शेती माझ्याकडे आली होती. पुस्तकं त्याची, चिखल माझा, अशी सरळ वाटणी. गाडी मात्र दोघांची. तो तिला पुसायचा, मी चालवायची. मागे समोरासमोर दोन बाकं, वर पत्र्याचं छप्पर, मागचं दार उचलून ओढल्याशिवाय न लागणारं. आठ माणसांची जागा होती, त्यात अकरा बाया बसत. टोल्यावरच्या बाया. टोला म्हणजे जंगलातली अठरा-वीस घरांची गोंडांची वस्ती, आमच्या शेतापासून गाडीने अर्धा तास. त्या अकरा जणींची टोळी दरवर्षी आमची रोवणी करी. टोळीच्या प्रमुख कौसाबाई. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, बुटक्या, आवाज खालचा. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नाही. ओरडायचं काम माझ्याकडे होतं.

पूर्वी गाडी बंद पडली तर बाया पायी येत. जंगलातून आडवाट होती. मग वाघाचं येणं-जाणं वाढलं आणि आडवाट मोडली. आता त्या वाटेवर गवत कमरेएवढं आहे. गाडी आली तर काम, नाही तर नाही, असं झालं.

रोवणीतल्या गाडीचा वास मी अजून सांगू शकते. ओल्या लुगड्यांचा, चिखलाचा, खर्‍याच्या सुपारी-तंबाखूचा, डब्यातल्या भाताचा, वास्त्यांच्या भाजीचा. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात टोल्यावरच्या प्रत्येक डब्यात तेच असतात. जाताना बाया गप्प असत, झोपेत. येताना मात्र काचा हादरत. कोणाच्या जावेने काय केलं, कोणाचा नवरा कुठे पडला होता, कोणाच्या बकरीला किती पिल्लं झाली. मी समोर बघून चालवत असे आणि सगळं ऐकत असे. हंगामाच्या पहिल्या दिवशी टोल्याच्या वळणावर, त्यांच्या देवाच्या दगडांपाशी, गाडी थांबवायची असे. एकेक बाई उतरून एक पानाची डहाळी ठेवी. मीही ठेवत असे. माझा देव तो नाही, पण गाडी माझी होती आणि वळण त्यांचं.

मी कडक होते. आहे. गाडीत थुंकायचं नाही, पाय धुऊनच चढायचं, विळे पिशवीत गुंडाळून. एका वर्षी कोणी तरी खिडकीची काच खालीवर करायचं हँडल मोडलं आणि सांगितलं नाही. मी रस्त्याच्या मधोमध गाडी बंद केली. म्हटलं, कोणी मोडलं ते कळल्याशिवाय गाडी हलणार नाही. अर्धा तास बाया गप्प. शेवटी कौसाबाई म्हणाल्या, "माया हातानं मोडलं." ते खोटं होतं, मला कळत होतं. हँडल त्या बसत त्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. पण शिस्त राहिली याचं मला समाधान वाटलं. पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट लोकांना अभिमानाने सांगत असे.

गाडीच्या तब्येतीचं श्रेय मी मोहाच्या तेलाला देत असे. दरवर्षी वैशाखात कौसाबाई मोहाच्या बियांचं तेल आणून देत. घट्ट, पिवळं, थंडीत तुपासारखं गोठणारं. टोल्यावर ते दिव्याला लावतात, चिखल्या झालेल्या पायांना लावतात, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, आसाला लावतात. त्याच म्हणाल्या होत्या, "बंडीले लावतो आमी, तं तुमच्या गाडीले काऊन नाई लावत? गंज नाई चढत." मला पटलं. तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडावर नवरा जुनं बनियन घालून गाडीखाली झोपायचा आणि मी वरून वाटी द्यायची. गाडीचं पोट तेलाने काळंभोर चमकायचं. शहरातून कोणी पाहुणा आला की मी त्याला वाकवून दाखवत असे. विकतचं रसायन नाही, पंचवीस वर्षांत एक ठिपका गंज नाही.

नव्या गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग लागतं, मग दर पाच वर्षांनी. दोनदा ती पास झाली होती. तिसरी वेळ मागच्या वर्षी आली, नेमकी रोवणीच्या तोंडावर. पऱ्हे वीतभर झाले होते. पुढच्या सोमवारपासून बाया आणायच्या, असं ठरलं होतं. मी आणि नवरा गाडी घेऊन चंद्रपूरला गेलो. त्याने आदल्या दिवशी तिला धुऊन, पुसून, पुढच्या दिव्यांना पावडर लावून ठेवलं होतं. मुलीला दाखवायला न्यावं तसं.

तपासणारा साहेब तरुण होता. कागद बघितले, दिवे बघितले, ब्रेक बघितला, मान हलवत गेला. मग हातोडी घेऊन खाली वाकला. लहानशी हातोडी, सोनाराची असते तेवढी. चासीवर, म्हणजे सगळी गाडी ज्यावर उभी असते त्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, तो ठोकत मागे गेला. ठण, ठण, ठण. मग आवाज बदलला. थप. ओल्या लाकडावर मारल्यासारखा. त्याने पुन्हा मारली आणि हातोडी आत गेली. मुठीपर्यंत.

"बाई, वाका जरा," तो म्हणाला. मी वाकले. एरवी लोकांना मी वाकवत असे. काळ्या चमकदार थराला भोक पडलं होतं आणि आतून चहाच्या चोथ्यासारखा भुगा गळत होता.

"ही गाडी मी पास करत नाही," साहेब म्हणाला. आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. "आणि खरं सांगू का, तुम्हीही करू नका."

मला तो माणूस आवडला. नवऱ्याला आवडला नाही. परतीच्या रस्त्यावर तो म्हणत होता, पोरगं आहे, जुन्या गाड्या कधी पाहिल्यात त्याने. मी गाडीचा आवाज ऐकत होते. पंचवीस वर्षांत मी तिच्या इंजिनचा आवाज ऐकला होता, खालचा कधी ऐकला नव्हता. प्रत्येक खड्ड्याला मागून एक बारीक करकर येत होती. ती नवी नव्हती. ती मी कधीपासून ऐकत होते आणि बायांच्या बडबडीत धरत होते, कोणास ठाऊक.

सिंदेवाहीला रशीदभाईंच्या गॅरेजवर गाडी उचलून धरली. रशीदभाई आमच्या गाडीचे पहिल्यापासूनचे मिस्त्री. त्यांनी पटाशीने तो काळा थर खरवडायला सुरुवात केली. खाली चिखल निघाला. चिखलाखाली पुन्हा काळा थर. त्याखाली पुन्हा चिखल. बाकरवडीसारखं सगळं.

"भाभी, तेल चांगलंच होतं," ते म्हणाले. "पण तुमी मागच्या सालचा चिखल खरवडून काढला नाई. वरतून धुतलं, की त्याच्यावरच तेल. चिखल आत बंद. त्यातलं पानी बी आत बंद. त्याले बाहेर याले वाटच नाई ठेवली तुमी."

एका ठिकाणी मात्र थर निघाल्यावर निव्वळ लोखंड दिसलं. तिथे चासीचा नंबर होता, कारखान्यात ठोकलेला. एकेक आकडा कालचा वाटावा असा. तिथे चिखल कधी पोचला नव्हता, नुसतं तेल पोचलं होतं. नंबर शाबूत होता आणि त्याच्या हातभर मागे बोट आत जात होतं. मी बोट घालून पाहिलं.

"पट्टी मारता येईल?" नवऱ्याने विचारलं.

"मारतो ना. पन पट्टी चिपकवाले बाजूचं लोखंड पायजे. इथी कायले चिपकवू, भाऊ?"

घरी येऊन नवरा पडवीत बसला आणि म्हणाला, "पंधरा दिवस. फक्त एवढी रोवणी होऊ दे. टोल्याच्या रस्त्यावर कोण विचारतं? हळू चालव. मग देऊ भंगारात, मी स्वतः देईन."

हे मूर्खपणाचं बोलणं नव्हतं. पऱ्हे थांबत नाहीत. महिन्याच्या वर गेले की गाठी धरतात, मग लावले तरी फुटवे येत नाहीत. रोवणीत भाड्याची गाडी मिळत नाही. जी असते ती ज्येष्ठातच बोलून ठेवलेली असते. मी फोन करून करून थकले. आणि पंधरा दिवस म्हणजे तरी काय, पंचवीस वर्षांतले पंधरा दिवस. मनात मी हिशेब मांडत होते आणि तो बरोबर येत होता. तेव्हाच मी उठले. मला स्वतःची एक खोड माहीत आहे: जे करू नये ते करायचं असलं की माझे मुद्दे फार व्यवस्थित होतात.

"गाडी रिकामी करते," मी म्हटलं.

मागच्या भागातून काय काय निघालं. एका पायाची चप्पल, केसांचे आकडे, एक विळा, सुपारीचे कागद, बाकाच्या फटीत वाळलेली धानाची पेंढी. पायाखाली रबराची चटई होती. ती काढली. तिच्याखाली बारदान निघालं, जुन्या लुगड्याची चौघडी निघाली. मी काही तिथे बारदान घातलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं, त्यानेही नाही. चौघडीच्या खाली तेलाचा डबा कापून, ठोकून सरळ केलेला पत्रा होता. चारही कोपऱ्यांना भोकं पाडून तारेने बाकाच्या पायांना बांधलेला. कडा दुमडलेल्या, पायाला लागू नयेत म्हणून. काम फार नीट होतं. मी तारा सोडल्या आणि पत्रा उचलला.

खाली अंगण दिसलं. जेवायच्या ताटाएवढं.

मी तो पत्रा स्कूटरच्या पुढे पायाशी ठेवला आणि टोल्यावर गेले. ऊन होतं, रस्त्यावर रहदारी होती, वेळ भीतीची नव्हती.

कौसाबाईंच्या अंगणात चार-पाच बाया बसून मोहाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होत्या. मी पत्रा त्यांच्या मधोमध ठेवला.

"हा कोणाचा?"

कौसाबाईंनी हातातलं पान खाली ठेवलं नाही. "माया घरचा आहे. डबा होता तेलाचा."

"कधी टाकला?"

"मागच्या रोवणीत. नाई, त्याच्या बी मागच्या."

"दोन वर्षं. मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी गाडी बंद केली असती."

"केलीच असती."

"मंग?" त्या म्हणाल्या. "मंग आमी कायच्यात आलो असतो?"

इंदू म्हणून टोळीतली सगळ्यात लहान बाई, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, ती पानामागून हसली. "हँडलाच्या वक्ताले बाईनं अर्धा घंटा उभं ठेवलं होतं म्हणते. भोकाच्या वक्ताले तं दिवसभर ठेवलं असतं." ती तेव्हा टोळीत नव्हतीसुद्धा. म्हणजे ही गोष्ट तिकडेही सांगितली जात होती, फक्त वेगळ्या कारणाने.

"पाय गेला असता खाली," मी म्हटलं.

"म्हणून तं पत्रा टाकला."

"तिथे बसायचं कोण?"

"मीच. मले सवय झाली होती. पत्रा टाकाच्या आधी पाय वर घेऊन बसत होतो." कौसाबाई आता हसत होत्या. "रस्ता दिसे. गोटे, पानी. एक दिवस धामण गेली. ह्या पोरी म्हणे, सरका ना मावशी, आमाले बी पाहू द्या."

सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण मला ते दृश्य दिसत होतं. समोर मी, ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय धुऊन चढा म्हणणारी. आणि मागे अकरा जणी एका भोकाभोवती गुपचूप बसलेल्या, मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात जागा ठरवत असलेल्या. मला वाटायचं सकाळी त्या झोपेत असतात म्हणून गप्प असतात.

तिथे बसून मला जे कळलं ते सांगायला मला आवडत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. गाडी गंजाने गेली हे खरं. पण गंज दिसला होता. दोन वर्षांपूर्वी, दिवसाउजेडी, अकरा माणसांना दिसला होता. तो माझ्यापर्यंत आला नाही, कारण माझ्यापर्यंत वाईट बातमी आणायची सोय मी ठेवली नव्हती. रशीदभाई चिखलाबद्दल जे बोलले ते इथेही लागू होतं.

"बाई," कौसाबाई म्हणाल्या, "जाड पत्रा टाकू. माया जावयाजवळ आहे लोखंडी. यंदाची रोवणी काढून घेऊ ना."

नवरा म्हणाला होता तेच. पंधरा दिवस. आता तर बसणारेच म्हणत होते.

"भोक वरचं आहे," मी म्हटलं. "खालचा सांगाडाच गेला. वळणावर गाडी मधून मोडली तर पत्रा काय करेल? गाडी भंगारात जाणार. मी बघते दुसरं काही."

"कवा बघता? पऱ्हे थांबते का?"

"नाही थांबत."

"मंग आमी बी नाई थांबत बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्यावर राग नाई. पन हंगाम पंधरा दिवसाचा. दुसरे गाडी पाठवून राह्यले, आमी जातो."

"जा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सोमवारी त्या गेल्या. नदीकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याने मालवाहू पिकअप पाठवली होती. मी बांधीत होते तेव्हा ती रस्त्याने गेली. बाया उभ्या, एकमेकींना धरून, अकराच्या जागी वीस तरी असतील. इंदूने मला पाहिलं आणि ओरडली, "बाई, गाडी बुढी झाली का तुमी?" सगळी पिकअप हसली. मी हातातली पेंढी वर करून दाखवली आणि पुन्हा वाकले.

म्हणून माझ्या निर्णयाला मी मोठं नाव देत नाही. माझ्यामुळे त्या काही सुरक्षित झाल्या नाहीत. माझ्या जीपमध्ये निदान बसायला बाक होतं. मी फक्त एवढं केलं, की जे मला माहीत होतं ते माहीत नसल्यासारखं करून स्टिअरिंगवर बसले नाही. एवढंच. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. त्या रोवणीत गावातल्या पाच बाया, मी आणि कॉलेजातून रजा घेतलेला ग्रंथपाल, अशा सात जणांनी जमेल तेवढं लावलं. नवऱ्याला रांग सरळ येत नव्हती. गावातल्या बाया त्याच्यामागे जाऊन त्याची रोपं उपटून पुन्हा लावत आणि त्याला दिसू देत नसत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, सांगा त्याला. सांगितलं. बिचारा धुऱ्यावर जाऊन पेंढ्या फेकायच्या कामाला लागला आणि ते काम त्याने उत्तम केलं. बोडीखालच्या, म्हणजे तळ्याखालच्या, तीन बांध्यांना मात्र वेळ मिळाला नाही. पऱ्हे गाठी धरून पिवळे पडले. ते मी गुरांना घातले आणि त्या तीन बांध्या वर्षभर तशाच ठेवल्या. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण विचारत होता, काऊन पडीक ठेवली? गाडी नव्हती म्हणून, मी सांगत असे.

गाडी न्यायला ट्रक आला तेव्हा पाऊस थांबला होता. भंगारवाल्यांनी चासीचा नंबर असलेला तुकडा कापून घेतला. तो कागदांबरोबर जमा करावा लागतो. कापताना त्यातला एक म्हणाला, एवढा साफ नंबर आम्ही कधी पाहिला नाही. नवऱ्याला हॉर्न काढून ठेवायचा होता. मी नको म्हटलं. घरात हॉर्नचं काय करायचं? त्याने शेवटचं एकदा बॉनेट पुसलं आणि फडकं आत सीटवर ठेवून दिलं. साखळीने ओढताना तिच्या पोटातून भुगा सांडत गेला. अंगणापासून ट्रकपर्यंत लालसर रेघ उठली होती. संध्याकाळच्या पावसाने ती गेली. मी रडले नाही. गाडीवर माझं प्रेम होतं, आणि ते मी तिला पंचवीस वर्षं चालवून केलं होतं. त्याहून जास्त काही देणं राहिलं असं मला वाटलं नाही.

टोल्याचं मात्र राहिलं होतं. या वर्षी ज्येष्ठात मी पुन्हा स्कूटरने गेले. कौसाबाईंच्या अंगणात या वेळी मोहाच्या बिया वाळत होत्या आणि त्यांचा तो कडवट तुपकट वास सगळीकडे होता. मी सांगितलं, गाडी भाड्याची ठरवली आहे. माणसं न्यायच्या परवान्याची, आठाच्या जागी आठ. दोन खेपा करेल.

"अन् त्यात भोक दिसलं तं?" इंदूने विचारलं. कडेवर आता तान्हं पोर होतं, जीभ तशीच.

"तर बसायचं नाही. मला फोन करायचा."

"तुमी चिल्लावसान."

"चिल्लावीन. सवय आहे. तरी करायचा."

कौसाबाई बिया उलथत होत्या. मान खाली ठेवून म्हणाल्या, "अन् दिवस पडला तं कोणाचा?"

दिवस पडला म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. खरा प्रश्न हाच होता, आणि मागच्या सगळ्या वर्षांत तो मला कोणी विचारला नव्हता.

"माझा," मी म्हटलं. "तुमचा भरला धरीन."

"रोवणीचा दिवस बी?"

"रोवणीचाच."

त्या बिया उलथत राहिल्या. पण आठ दिवसांनी माझ्या नवऱ्याबरोबर निरोप आला, की येतो.

काल रोवणीचा पहिला दिवस होता. बोडीखालच्या तीन बांध्यांपासून सुरुवात करायची मी ठरवली होती. चिखल तयार होता. गावातल्या बायांनी पऱ्हे उपटून पेंढ्या बांधून पाण्यात ठेवल्या होत्या. उपटलेले पऱ्हे त्याच दिवशी लागायला हवेत. दुसऱ्या दिवशी ते मान टाकतात. आभाळ भरलेलं, वारा नाही, लावायला याहून चांगला दिवस मिळत नाही. मी धुऱ्यावर उभी राहून रस्त्याकडे बघत होते. सात वाजले, साडेसात वाजले. मग फोन वाजला. टोल्यावर फोनला रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर येते, म्हणजे कौसाबाई तिथे चढून उभ्या असणार.

"बाई, गाडी आली."

"मग निघा ना."

"मागचं डावं चाक पार घासलं आहे. आतले धागे दिसून राह्यले. डायवर म्हणते, काई नाई होत, चार दिवस चालते. स्टेपनी बी नाई त्याच्यापाशी." मागून ड्रायव्हरचा आवाज येत होता, आणि इंदू त्याला काही तरी सुनावत होती. "आमी त्यात बसून नाई राह्यलो."

मी समोर पाहिलं. पाण्यात पेंढ्यांच्या रांगा. वर्षभर पडीक राहिलेल्या तीन बांध्या, आरशासारख्या. माझ्या तोंडात शब्द आला होता: या हो आजच्या दिवस, हळू चालवायला सांगा. तो शब्द किती तयार होता, त्याचं मलाच नवल वाटलं. तिकडे कौसाबाई गप्प होत्या. त्या मदत करणार नव्हत्या. त्यांना ऐकायचं होतं.

"नका बसू," मी म्हटलं. "चाक बदलून आण म्हणा त्याला, मगच ये."

"दुपार होईन."

"होऊ द्या."

"अन् दिवस?"

"भरला."

फोन बंद झाला. मी गावातल्या बायांना हाक मारली, नवऱ्याला हाक मारली, लुगड्याचा काचा मारला आणि पहिल्या बांधीत उतरले.